घरची दुरुस्ती स्वतः करावी का? आधी चुकांचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार कामं साठली आहेत. नळ ठिबकतोय, छताचा पंखा मंद झालाय, भिंतीला ओल आली आहे आणि पुस्तकांसाठी एक लांब फळी ठोकायची आहे. व्हिडिओ पाहिले की सगळं जमेलसं वाटतं आणि घरचे म्हणतात, माणूस बोलवा. यातलं कोणतं काम स्वतः करण्यात अर्थ आहे आणि ते ठरवायचं कसं?

नळजोडणी, वायरिंग आणि घरातल्या यंत्रांची दुरुस्ती हे माझं पंचवीस वर्षांचं काम. घरच्यांनी आधी हात घातलेली कितीतरी कामं या काळात माझ्याकडे आली. काही इतकी नीट केलेली होती की मी फक्त पाहून परत आलो. काहींमध्ये छोट्या बिघाडाचा मोठा झाला होता. दोन्हीकडची माणसं सारखीच हुशार होती. फरक पडला तो काम निवडण्यात.

बहुतेक जण ‘पैसे किती वाचतील’ इथून सुरुवात करतात. मी तो प्रश्न शेवटी ठेवतो. आधी मी स्वतःला विचारतो: यात माझी चूक झाली तर ती मला दिसेल का? लगेच दिसेल की सहा महिन्यांनी? आणि दिसल्यावर मागे फिरता येईल का? चूक डोळ्यांसमोर होत असेल आणि सुधारता येत असेल, तर काम कितीही नवखं असो, बेलाशक करा. चूक भिंतीआड किंवा झाकणाखाली लपणार असेल, तर काम दिसायला कितीही सोपं असो, दहादा विचार करा.

नळाचंच घ्या. सेकंदाला एक थेंब म्हणजे किरकोळ वाटतं. पण साधारण वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत चार लिटरच्या वर पाणी जातं. नळ दुरुस्त करणं हे शिकाऊ माणसासाठी मला सगळ्यात आवडतं काम आहे, कारण चूक झाली तर पाणीच ती दाखवून देतं. पण या कामाची सुरुवात नळापासून होत नाही. आधी मुख्य कॉक बंद करून पाहा आणि तो खरोखर बंद होतो का ते तपासा. वर्षानुवर्षं न फिरवलेला जुना कॉक पूर्ण बसत नाही, कधी त्याच्या दांड्याजवळूनच पाणी यायला लागतं. नळ खोलून हातात घेतल्यावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. कॉक धड बंद होत नसेल, तर तुमचं पहिलं काम नळाचं नाही, कॉकचं आहे, आणि त्यासाठी माणूस बोलवा.

पाणी बंद झालं की नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्या. खालच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर छोटा स्क्रू तिथून गेलाच म्हणून समजा. आता नळ कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं. चावी बरेच वेढे फिरत असेल तर आत रबरी वॉशर आहे. पाव किंवा अर्ध्या वेढ्यात नळ पूर्ण उघडत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज आहे. तिथे वॉशर शोधत बसू नका, अख्खं कार्ट्रिज बदलतात. दोन्ही बाबतीत जुना भाग काढून तोच दुकानात न्या. डोळ्यांच्या अंदाजानं आणलेला भाग दहातल्या नऊ वेळा बसत नाही.

वरचा भाग सोडवताना एक गोष्ट मी प्रत्येक शिकाऊ मुलाला हात धरून दाखवतो. एका पान्यानं फिरवायचं आणि दुसऱ्या पान्यानं नळाचं अंग घट्ट धरून ठेवायचं. एकाच पान्यानं जोर लावला तर तो जोर मागे भिंतीतल्या सांध्यावर जातो. वरचा भाग सुटतो, वॉशर बदलला जातो, ठिबकणं थांबतं, तुम्ही खूश होता. आणि भिंतीच्या आत पिळलेला सांधा हळूहळू पाझरू लागतो. एवढ्या साध्या कामात न दिसणारी चूक असते ती नेमकी ही.

म्हणून थांबायची खूण काम सुरू करण्याआधीच ठरवा. माझी खूण अशी: साध्या पान्याला हाताच्या साध्या जोरानं नट हलला नाही, तर थांबायचं. गंज सोडवणारं तेल टाकून काही तास वाट पाहायची आणि पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. तरीही हलला नाही तर पान्याला नळी अडकवून लांब करायचा नाही, कारण मग आटे तरी जातात किंवा पाइप तरी.

वॉशर काढल्यावर तो ज्या कडेवर बसतो तिथून बोट फिरवा. कड गुळगुळीत लागली तर नवा वॉशर बराच काळ टिकेल. बोटाला खाच लागली तर तो लवकरच चिरणार आणि नळ पुन्हा ठिबकणार. अशा वेळी नळच बदललेला बरा. सगळं जोडून झालं की मुख्य कॉक हळू उघडा, सांधे कोरडे पुसा आणि तासाभरानं कोरडा कागद लावून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा.

विजेकडे वळलो की हा हिशोब उलटा होतो. एक उदाहरण सांगतो, ते मी डोळ्यांनी इतक्यांदा पाहिलंय की आता स्विचबोर्ड उघडण्याआधी नुसत्या वासावरून कळतं. कुणीतरी हीटरचा सॉकेट स्वतः बदललेला असतो. हीटर व्यवस्थित चालतो, म्हणजे काम झालं असं सगळ्यांनी धरलेलं असतं. पण आत वायरीचा स्क्रू पुरता आवळलेला नसतो, किंवा वायरीच्या निम्म्याच तारा आत गेलेल्या असतात. अशा ढिल्या जोडणीत समजा अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर त्या टोकाशी ५० वॅट उष्णता तयार होते. आमचं डाग द्यायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे बंद डबीत, प्लॅस्टिकला खेटून, दोन सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास चालू ठेवल्यासारखं झालं. प्रवाह वाढला की आपोआप खाली पडून वीज तोडणारा स्विच, म्हणजे एमसीबी, पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. एमसीबी जास्तीचा प्रवाह ओळखतो, ढिला स्क्रू त्याला कळत नाही.

इथे काम ‘चालू होणं’ हा ते बरोबर झाल्याचा पुरावा नाही. नळात तो पुरावा आहे, विजेत नाही. या एका फरकासाठी मी लोकांशी वाद घालतो आणि पुढेही घालेन.

तरीही विजेच्या कामाला हातच लावू नका, असं मी म्हणणार नाही. बिघाड शोधणं हे वेगळं काम आहे आणि त्यातलं बरंचसं सुरक्षित आहे. तुमच्या पंख्याचं बघा. वीज बंद करून पाती हातानं फिरवा. जड फिरत असतील किंवा खरखर जाणवत असेल, तर बेअरिंगकडे संशय जातो. पाती मोकळी फिरतात, पण पंखा सगळ्याच गतींवर मंद आहे किंवा सुरू होताना नुसता गुणगुणतो, तर बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटर फिरायला मदत करणारा छोटा भाग, अशक्त झालेला असतो. एवढं निदान तुम्ही पाच मिनिटांत करू शकता. कारागिराला ‘पंखा बिघडलाय’ असं सांगणं आणि ‘पाती मोकळी आहेत, गती सगळ्याच नंबरांवर कमी आहे’ असं सांगणं यात मोठं अंतर आहे. दुसरं वाक्य ऐकून तो योग्य भाग सोबत घेऊनच येतो.

कपॅसिटर स्वतः बदलायचा का? इथे वीज आणि उंची दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे मी काही अटी घालतो. फक्त स्विच बंद करून भागत नाही. वायरिंग चुकीचं असेल आणि स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) असेल, तर पंखा बंद दिसतो पण त्याच्यापर्यंत फेज पोचलेलाच असतो. म्हणून एमसीबी खाली करायचा, आणि तो कुणी वर करणार नाही याची सोय करायची. मग टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करायची, मग कामाच्या जागी लावायचा, आणि मग पुन्हा चालू सॉकेटवर. तिसरी पायरी लोक टाळतात, पण मधेच टेस्टर बिघडला असेल तर ते तिथेच कळतं. छोट्या दिव्याचा टेस्टर तुमच्या शरीरातून जाणाऱ्या अगदी थोड्या प्रवाहावर पेटतो, त्यामुळे रबरी चपला आणि लाकडी शिडी असताना तो फसवू शकतो. दोन टोकांमधला दाब मोजणारा मीटर त्याहून भरवशाचा. जुना कपॅसिटर काढताना त्याच्या टोकांना बोट लावू नका, आत भार शिल्लक राहिलेला असू शकतो. नवा घेताना जुन्यावर जो मायक्रोफॅरडचा आकडा असेल तोच घ्यायचा, व्होल्टही तितकेच किंवा त्याहून जास्त. वेग वाढेल म्हणून मोठा आकडा घ्यायचा नाही, मोटर तापते. यातली एक पायरी जरी अवघड वाटली तरी निदान करून तिथेच थांबा.

काही कामांत मी चर्चाच करत नाही. मायक्रोवेव्हचं झाकण उघडू नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे २,००० व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहू शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी टोकरून काढू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, खाली स्टँड लावले नसतील तर क्षणभरही नाही. गॅसच्या पाइपाला हात लावू नका. सांध्यावर साबणाचा फेस लावून गळती पाहणं तुमचं, पुढचं सगळं परवानाधारकाचं. फ्रिजच्या बंद नळ्या, भार पेलणारी भिंत, खूप जुना रंग कोरडा घासून काढणं हेही यातच येतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवणं हे तर दुखणं सांगणाऱ्याचं तोंड बांधण्यासारखं आहे. एमसीबी वायर वाचवायला असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर आधी वायर जळेल आणि मग एमसीबी पडेल.

आता वेळेचं. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एका सवयीवर बोट ठेवलं: कामाला किती वेळ लागेल याचा माणसाचा अंदाज कायम कमी निघतो, तसलीच कामं आधी लांबलेली ठाऊक असूनही. घरच्या दुरुस्तीत हे फार अनुभवाला येतं. पहिल्यांदा करत असलेल्या कामाला तुमच्या अंदाजाच्या तिप्पट वेळ धरा. मला वीस मिनिटं लागतात ते काम तुम्हाला तास-दीड तास घेईल, आणि दुकानात दोन फेऱ्या होतील. त्यात कमीपणा काही नाही. पण त्यातून एक व्यावहारिक प्रश्न निघतो आणि तो मी ‘चूक दिसेल का’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानतो: काम अर्धवट राहिलं तर घर किती अडेल? फळी अर्धवट राहिली तर पुस्तकं आठवडाभर जमिनीवर राहतील. नळ अर्धवट राहिला तर सगळ्या घराचं पाणी बंद. म्हणून नळाचं काम सकाळी लवकर आणि दुकानं उघडी असतील अशा दिवशी सुरू करा. रात्री नऊ वाजता नळ खोलणं हा निर्णय चुकीचा, मग तुमचा हात कितीही बसलेला असो.

हत्यारांबद्दल फार बोलत नाही. एक चांगला अ‍ॅडजस्टेबल पाना, दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, मीटर, पाणसळ आणि मोजपट्टी एवढ्यावर घरातलं पुष्कळ भागतं. महागडं यंत्र एका कामासाठी घेऊ नका. पहिल्या दोन वेळा मागून आणा, तिसऱ्यांदा गरज लागली तर विकत घ्या.

यंत्र दुरुस्त करायचं असेल तर ते उघडण्याजोगं बनवलंय का, हे आधी पाहा. फ्रान्सनं जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा दहापैकी गुणांक छापणं बंधनकारक केलं. माहितीपुस्तिका मिळते का, वस्तू किती सोपेपणानं सुटी होते, सुटे भाग मिळतात का आणि त्यांची किंमत नव्या वस्तूच्या मानानं किती, असे त्याचे निकष आहेत. स्वयंपाकघरात मिक्सर हातात घेऊन उभे असताना हेच चार प्रश्न विचारा. बाहेरून स्क्रू दिसतायत की सगळं चिकटवलेलं आहे? भाग मिळत नसेल तर उघडण्यात अर्थ नाही. एकट्यानं धीर होत नसेल तर अ‍ॅम्स्टरडॅमला २००९ मध्ये मार्टिन पोस्टमा यांनी सुरू केलेल्या रिपेअर कॅफेसारखा मार्ग मला फार पटतो. बिघडलेली वस्तू घेऊन यायचं आणि जाणकाराच्या शेजारी बसून स्वतःच्या हातानं दुरुस्त करायची. तसा उपक्रम जवळपास नसेल, तर कारागीर घरी आल्यावर त्याच्या शेजारी उभे राहा. ‘किती होतील’च्या आधी ‘कशामुळे झालं’ विचारा आणि काढलेला खराब भाग हातात घेऊन बघा. आपलं काम जाणणारा माणूस आनंदानं दाखवतो. पुढच्या खेपेला ते काम कदाचित तुमचं असेल.

फळीचं काम तुम्हीच करा, पण ती दुरुस्ती नाही, हौस आहे, आणि हौसेला वेळेचा हिशोब लावू नये. इथे फक्त भिंत आणि वजन नीट समजून घ्या. पुस्तकांनी भरलेली एक मीटर फळी सहज २० किलोच्या वर जाते. फळी मधे झोल खाते तो लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. आधारांमधलं अंतर दुप्पट केलंत आणि पुस्तकं शेवटपर्यंत भरलीत, तर झोल सोळापट. उलट जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून लांब फळीला मधे एक आधार द्यायला कचरू नका. भोक पाडताना ड्रिलमधून पडणारी भुकटी पाहा. आधी करडी येते, तो गिलावा. मग विटेची लाल सुरू होते. स्क्रू धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा प्लग विटेत बसला पाहिजे, नुसत्या गिलाव्यात बसलेला प्लग वजन आलं की गिलाव्याचा तुकडा घेऊनच बाहेर येतो. भुकटी पांढरी आणि मऊ आली आणि ड्रिल एकदम आत गेलं, तर भिंत जिप्समची आहे, तिथे साधा प्लग चालत नाही. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी तिथूनच गेलेल्या असतात. नळाच्या रेषेतही नाही.

राहिली ओल. या कामात लोक सगळ्यात जास्त मेहनत आणि पैसा वाया घालवतात. पोपडे खरवडतात, पुट्टी भरतात, महागडा रंग लावतात आणि पुढच्या मोसमात तोच डाग तिथेच उमटतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रंग लावणं तुम्हाला उत्तम जमेल यात शंका नाही, पण पाणी कुठून येतंय हे कळेपर्यंत डबा उघडू नका.

त्यासाठी एक साधी चाचणी करा. ओलीच्या जागेवरचे सुटे पोपडे काढा, पृष्ठभाग कोरडा पुसा आणि दोन वीत लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा. एक-दोन दिवस तसाच राहू द्या. मग पाहा, पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आहेत की भिंतीकडच्या. खोलीकडे असतील तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय. खिडकी उघडी ठेवणं, हवा खेळती करणं, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढणं एवढ्यानं बराच फरक पडतो आणि ते सगळं तुमच्या हातातलं आहे. भिंतीकडे असतील तर पाणी आतून येतंय. मग घरातले सगळे नळ बंद करून झोपायच्या वेळी पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत पुन्हा पाहा. आकडा पुढे सरकला असेल तर मीटरपुढचा एखादा पाइप किंवा सांधा गळतोय, प्लंबरला बोलवा. आकडा तिथेच असेल तर संशय बाहेरच्या भिंतीवर, गच्चीवर किंवा सांडपाण्याच्या नळीवर जातो. सांडपाणी मीटरमधून जात नाही, त्यामुळे ते मीटरवर कधीच दिसणार नाही. डाग पाऊस पडल्यावर वाढतो की न्हाणीघर वापरल्यावर, हे आठवडाभर तारखेनिशी वहीत टिपा, आणि गवंडी आला की काही बोलायच्या आधी ती वही त्याच्या हातात द्या.